भांडायला आलेले मेस्त्री

मेस्त्रींशी बोलायचं म्हणजे आधी त्यांचा फोन मध्ये यायचा. शर्टाच्या खिशातून तो काढायचे, तळहातावर आडवा धरून तुमच्या तोंडापुढे आणायचे आणि म्हणायचे, "हं, बोला. पुटपुटू नका. आणि पुटपुटलात तरी लिहून येतं." कानांनी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. समोरचा बोलेल ते फोन ऐकायचा आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटत जायची. मेस्त्री ती चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचायचे आणि मग उत्तर द्यायचे. ते उत्तर बहुतेक वेळा अपमानच असायचा.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आम्ही नवीन घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. मी, माझा नवरा सौरभ, तान्ही इरा आणि इराला सांभाळायला आलेली माझी आई. सामान चढवताना लिफ्टमध्ये एक उंच, काटक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्ही त्यांच्या घरात घुसलो होतो. कोणीतरी खालीच सांगितलं होतं, की हे चौथ्या मजल्यावरचे मेस्त्री, ठार बहिरे आहेत. म्हणून मी सौरभला सरळ म्हणाले, "म्हातारा खवट दिसतोय."

त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "खवट," ते मोठ्याने म्हणाले. "शुद्धलेखनासकट बरोबर आलंय." चौथा मजला आला, दार उघडलं आणि ते बाहेर पडले. आमचाही मजला तोच. त्यांचं दार आमच्या दाराला लागून होतं आणि दोन्ही घरांच्या मागच्या खिडक्या हाताच्या अंतरावर होत्या.

मेस्त्री मूळचे देवगडकडचे. डिप्लोमा इंजिनियर. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जनरेटर तपासायच्या खात्यात ते साहेब होते. बंद शेडमध्ये दिवसभर इंजिनं धडधडायची. कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की इंजिनाचा बिघाड कळत नाही म्हणून हे घालायचे नाहीत. निवृत्त होईपर्यंत कान गेलेच होते. कानाला मशीन लावून पाहिलं होतं. "त्यात माणसं ऐकू येत नाहीत, भांडी पडल्यासारखी वाटतात," असं म्हणून ते त्यांनी बंद केलं. बायको वारली होती. मुलगी मेधा ठाण्याला राहायची, पण ती कधी आलेली दिसायची नाही.

त्यांना फोनमधलं जे कळायचं ते मी कुणाकडेच पाहिलेलं नव्हतं. आणि ते सांगायची त्यांची पद्धत अशी, की ऐकणाऱ्याला फोन भिरकावून द्यावासा वाटे. एकदा लिफ्टची वाट बघत मी एक मेसेज लिहीत होते. मधलं एक अक्षर चुकलं होतं आणि बोट नेमकं तिथे टेकत नव्हतं. मी तीनतीनदा पुसत होते. मेस्त्री शेजारी येऊन उभे राहिले. "हा फोन आहे, मॅडम, कणीक नव्हे. किती तिंबाल? खालची स्पेसची पट्टी दाबून धरा आणि बोट सरकवा." मी सरकवलं. ती उभी रेघ निमूट चालत गेली आणि हव्या त्या जागी थांबली. मी वर पाहिलं तोवर ते लिफ्टमध्ये शिरून दार लावून गेलेही होते. माझ्यासाठी थांबले नाहीत.

दुसऱ्यांदा, इराच्या हातात गाण्याचा व्हिडिओ लावून मी फोन दिला होता आणि तिने माझ्या प्राचार्यांना भलतंच काहीतरी पाठवून ठेवलं होतं. मी जिन्यात सौरभला हे रडगाणं सांगत होते. मेस्त्रींनी हात पुढे केला. "आणा इकडे." सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी काहीतरी चालू केलं. "आता पडदा खिळवून द्यायचा. पोर त्या एका व्हिडिओच्या बाहेर जाऊ शकणार नाही. आजवर काय करत होता? घराची किल्लीच देत होता तिला?" मला राग यायचा तो त्यांच्या बोलण्याचा आणि त्याहून जास्त याचा, की ते सांगायचे ते दरवेळी बरोबर निघायचं आणि मी ते रोज वापरायचे. "सगळं आत असतं," हे त्यांचं पालुपद. "बघत कोणी नाही. नुसते चोळतात."

सोसायटीत त्यांचं कुणाशीच पटत नव्हतं. सेक्रेटरी कारखानीस यांच्याशी तर उघड वैर. टाकी भरून रात्री पाणी वाहतं, ही मेस्त्रींची तक्रार कारखानीस ढकलत होते. एके दिवशी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "ज्याला स्वतःच्या घरातली बेल ऐकू येत नाही, त्याला टाकीचं पाणी बरं ऐकू येतं!" दुसऱ्या कुणाला पाठवायचं ते चुकून ग्रुपवर पडलं असावं, कारण लगेच ते पुसलंही गेलं. पुढच्या रविवारच्या सभेत मेस्त्री उठले. "फोनवर आलेल्या सूचनांचा इतिहास फोन साठवून ठेवतो," ते म्हणाले. "चालू करून ठेवावा लागतो. मी ठेवलाय. तुम्ही तिकडे पुसलंत, माझ्याकडे आहे." आणि त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं, उद्गारचिन्हासकट. मग म्हणाले, "पाणी मला ऐकू येत नाही. माझ्या फोनला येतं. पाणी वाहिलं, दार वाजलं, पोर रडलं, तो मला थरथरून सांगतो. तुमचे कान शाबूत आहेत, कारखानीस. तुम्हाला का येत नाही?"

सभेत कोणी हसलं नाही. कारखानीसांचा चेहरा पांढराफटक पडला होता. टाकी दुरुस्त झाली, पण त्या दिवसापासून मेस्त्रींना नमस्कार करणारेही नमस्कार करेनासे झाले. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

माझी आई मात्र त्यांना पुरून उरली. ती साताऱ्याकडची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. कुणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. तिच्या कुंड्यांचं पाणी मेस्त्रींच्या पायपुसण्यावर जायचं, मेस्त्रींची चपलांची फळी आमच्या दारात यायची. दोघं पॅसेजमध्ये उभी राहून भांडायची. आई ओरडायची आणि मेस्त्री वाचायचे. आईचं सर्वांत मोठं दुःख हे होतं, की ती रागाने बोलायला लागली की फोन तिचे शब्द गाळायचा. "शिंदेबाई, अर्धंच आलं," मेस्त्री शांतपणे म्हणायचे. "परत बोला, सावकाश." सावकाश भांडणं आईला जमायचं नाही. आत येऊन ती धुसफुसायची, "त्या मेल्याला शिव्यासुद्धा हळूहळू द्याव्या लागतात!"

एकदा खाली गेटपाशी आई कुणाचा तरी नंबर शोधत उभी होती. मेस्त्रींनी तिच्या हातातून फोन काढूनच घेतला. मी बाजूलाच होते.

"तुम्हाला साखर आहे ना?" त्यांनी विचारलं. "रोज तुमच्या खिडकीतून कारल्याचा वास येतो."

"तुम्हाला काय करायचंय?"

"इन्सुलिन घेता?"

"घेते! मग?"

ते टाइप करत राहिले. "कुलूप न उघडता वाचता येईल असं लिहून ठेवलंय. आजार, औषध आणि मुलीचा नंबर. तो नंबरही कुलपाबाहेरूनच लावता येतो. कुठे पडलात तर लोकांनी काय करायचं? तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"पडा तुम्हीच!" आई कडाडली. फोन हिसकावून घेत ती तरातरा वर गेली आणि दोन दिवस म्हणत राहिली, की त्या माणसाने भर गेटात मला शाप दिला. मी ते सगळं पुसून टाकावं असा तिचा हट्ट होता. मी हो म्हटलं आणि कामाच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवते. उन्हाळा होता, परीक्षेचे पेपर तपासायचं काम चालू होतं. दुपारी आईच्या नंबरवरून फोन आला. "काय गं?" मी म्हटलं. पलीकडून पुरुषी आवाज आला, मोठा आणि एकसुरी, पत्र वाचून दाखवावं तसा.

"मी मेस्त्री. मला तुमचं ऐकू येत नाही, तेव्हा मध्ये बोलू नका. तुमच्या आई स्वयंपाकघरात पडल्यात. शुद्धीवर आहेत, पण बोलणं धड नाही, घामाने भिजल्यात. घोट गिळतायत. साखरेचं पाणी देतोय. डॉक्टरांना तुम्ही फोन करा. मला तो करता येत नाही. मुलगी रडतेय, पण तिला काही झालेलं नाही. दार उघडं ठेवलंय. उत्तर माझ्या नंबरवर लिहा. ठेवतो."

गल्लीच्या तोंडाशी आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांना फोन लावला. मग मेस्त्रींना लिहिलं, "डॉक्टर निघाले." उत्तर आलं, "ठीक." मी गाडी करून शीळफाट्याच्या रस्त्याने निघाले. त्या वाहतुकीत अडकलेली असताना ते मला न विचारता लिहीत होते. "ग्लास संपला." "आता मला शिव्या देतायत. स्पष्ट येतंय." "डॉक्टर आले." शिव्यांच्या त्या मेसेजवर मी गाडीत तोंडावर हात घेऊन रडले.

घरी पोचले तेव्हा आई पलंगावर होती, थकलेली, पण ठीक. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन घेतलं आणि जेवायचं लांबवलं, साखर एकदम उतरली; आणखी वेळ गेला असता तर अवघड होतं. मेस्त्री बाहेरच्या खोलीत ताठ बसले होते. इरा त्यांच्या पायाशी त्यांच्या चष्म्याच्या डबीशी खेळत होती. मी समोर बसले आणि आभार मानायला तोंड उघडलं. त्यांनी फोन पुढे केला, माझी दोन वाक्यं वाचली आणि हात आडवा केला.

"आभार नकोत. मी भांडायला आलो होतो." त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. एकाखाली एक सूचना होत्या. बाळाचे रडणे. बाळाचे रडणे. बाळाचे रडणे. "दुपारची झोप एवढीच काय ती मला लागते. फोन उशीखाली असतो. सारखा थरथरत होता. म्हटलं, आज या बाईला सांगूनच टाकतो. जाळीच्या दारातून पाहिलं, तर पाय दिसले. हात घालून कडी काढली." ते उठले. "लाकडी दार दुपारी उघडं असतं म्हणून. बंद असतं तर मी बाहेर बेल दाबत उभा राहिलो असतो." चष्म्याची डबी इराच्या हातातून काढून घेऊन ते गेले. इरा पुन्हा रडायला लागली.

आता तरी दोन्ही घरांत सलोखा होईल असं मला वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात सोसायटीकडून आम्हाला सूचना आली, की चौथ्या मजल्यावर मुलाच्या रडण्याचा त्रास होतो अशी तक्रार आहे. तक्रार करणारे मेस्त्री. आईने शिरा करून पाठवला होता, तो झाकण न उघडताच परत आला. आणि आई? तिचा राग दुप्पट झाला. "दुसऱ्या कुणीही वाचवलं असतं तर पाया पडले असते," ती म्हणायची. "याच्या हातचं पाणी प्यावं लागलं, तेच मला लागतंय." कुंड्यांना ती आता आधीपेक्षा जास्त पाणी घालू लागली.

मीही एक दिवस त्यांच्याकडे गेले. आईला दुपारी एकटं ठेवायची भीती बसली होती. बाई मिळेपर्यंत दिवसातून एकदा डोकावाल का, एवढंच विचारलं. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी एक पाऊल मागे सरले.

"मी राखणदार नाही!" ते ओरडले. ते ओरडलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. "माझ्यावर कुणाची जबाबदारी टाकू नका. कुणाचीही नाही. कळलं? चालते व्हा." आणि दार लावलं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात ते भेटले तरी मी भिंतीकडे बघायचे. आईला वाचवलं असलं, तरी माणसाने इतकं तोडून बोलावं, हे मला सहन होत नव्हतं.

पावसाळा संपता संपता ते गेटपाशी घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग त्यांची मेधा त्यांना ठाण्याला न्यायला आली. वडिलांना गाडीत बसवून ती आमच्याकडे आली, मागची खिडकी नीट लागत नाही, जरा लक्ष ठेवा, हे सांगायला. वडिलांसारखीच उंच, तसेच मिटलेले ओठ. आईने तिला पाणी दिलं आणि न राहवून म्हणाली, "तुझ्या वडलांनी माझा जीव वाचवला हो. पण तोंड असं, की उपकार मानायची सोय नाही."

मेधाने ग्लास खाली ठेवला. "कळलं मला. त्यांनी लिहिलं होतं," ती म्हणाली. नंतर जे बोलली ते अगदी कोरड्या आवाजात.

"माझी आई याच घरात बाथरूममध्ये पडली. बाबा बाहेर पेपर वाचत बसले होते. शेजारी कोणी नव्हतं त्या दिवशी. ती हाका मारत होती, बादली फरशीवर आपटत होती. बादलीला चीर गेली होती, मी पाहिली. बाबांना चहाची वेळ झाली तेव्हा कळलं."

आईचा हात पदराकडे गेला.

"फोन तेव्हाही होता," मेधा म्हणाली. "मीच आणून दिलेला. हे सगळं तेव्हाही त्यात होतं. आवाज झाला की थरथरणं, बोललेलं लिहून येणं. मी म्हटलं, दाखवते, बसा. म्हणाले, मला ऐकू येत नाही, मला फोन काय करायचाय. कपाटावर पडून होता, धूळ खात. आई गेल्यावर शिकले. महिनाभर दुसरं काही केलं नाही. मग मला दाखवायला आले, की हे बघ, दार वाजलं तर कळतं, कोणी ओरडलं तर कळतं. मी म्हटलं, आता कुणासाठी?"

मी विचारलं, "आता तुमच्याकडे..."

"नेतेय ना. माझ्याशिवाय आहे कोण त्यांना? जेवण, औषध, सगळं वेळेवर करीन. पण मी त्यांच्याशी बोलत नाही. ते जमणार नाही मला." ती उठली. आम्ही खिडकीतून पाहिलं. मागच्या सीटवर मेस्त्री समोर बघत बसले होते. मेधा पुढे बसली. गाडी निघाली.

पुढे बरेच दिवस आई कुंड्यांना पाणी घालताना शेजारच्या बंद दाराकडे बघायची आणि आत यायची. मग एका सकाळी मी ठाण्याला निघाले, तर ही साडी बदलून, पर्स घेऊन तयार.

"मलाही यायचंय. त्या मेस्त्रीकडे."

"कशाला?"

"भांडायला," आई म्हणाली. "तिथं त्याच्याशी भांडणार कोण?"

ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मेधाचं घर होतं. मेस्त्री खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, कुबडी बाजूला. अंगाने निम्मे झाले होते. आईला पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "तुम्ही? इथपर्यंत?"

आई समोरची खुर्ची ओढून बसली. त्यांचा फोन तिने स्वतःच स्टुलावर ठेवला आणि तोंड जवळ नेऊन, शाळेत श्रुतलेखन घालावं तशी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही. माझ्या नातीची. तक्रार. का केलीत?"

मेस्त्रींनी वाचलं. "रडत होती म्हणून."

"ती रडली म्हणून मी जगले!"

"म्हणून काय रोज रडायचं?"

असं सुरू झालं आणि चांगलंच पेटलं. तक्रारीवरून कुंड्यांवर, कुंड्यांवरून चपलांच्या फळीवर, तिथून परत आलेल्या शिऱ्यावर. शिऱ्यावर मेस्त्री म्हणाले, "मला गोड चालत नाही. मलाही साखर आहे. विचारलंत कधी?" आई म्हणाली, "तुम्ही माणसाला विचारू देता का?" त्यांचा आवाज खोलीभर घुमत होता. मेधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात पुसायचं फडकं तसंच. नंतर तिने मला सांगितलं, की ते आल्यापासून एवढी वाक्यं तिने त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. ते बोलायचे थांबले होते, कारण उत्तर कोणी देत नव्हतं आणि पडदा कोराच राहायचा.

निघताना मेस्त्री म्हणाले, "पुढच्या वेळी कळवून या. मी झोपलेला असतो." आईने पदर खोचला.

दारापर्यंत मेधा सोडायला आली. "काकू, पुन्हा याल?" तिने विचारलं.

"येईन की," आई म्हणाली. "आणि तुझ्याशीही भांडायचंय मला. आज दमले, पुढच्या वेळी."

आई त्यानंतरही जात राहिली. मेधाशी तिचं काय बोलणं झालं, ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच कळलं, की एकदा मेधा खूप रडली आणि आईने तिला गप्प केलं नाही. थंडीत मेस्त्रींना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. मला ते शेवटपर्यंत आवडले नाहीत, आणि आपण मला आवडावं अशी त्यांचीही इच्छा नव्हती.

ते गेल्याचं सांगायला मेधाचा फोन आला तेव्हा आई माझ्याजवळच बसली होती. मी फोन तिच्याकडे दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काकू, काल सकाळी दवाखान्यात नेण्याआधी आमचं भांडण झालं," मेधा म्हणत होती. "चहात साखर घातली नाही म्हणून मला बोलले. मीही सोडलं नाही, चांगली बोलले. फोन धरून बसले होते, सगळं वाचलं त्यांनी. माझं शेवटचं वाक्य वाचून हसले हो."

"काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"खवट म्हटलं," मेधा म्हणाली.